नाव आधी मराठीत लिहू द्या : ऑनलाइन अर्जांची आखणी करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातील शासकीय ऑनलाइन सेवांची रचना ठरवणारे अधिकारी,
आणि त्या सेवा बांधणारे अभिकल्पक व प्रोग्रामर

विषय : अर्जांमध्ये मराठी लिहिण्याची सोय कशी असावी

महोदय, महोदया,

सरकारी असो वा खासगी, ऑनलाइन अर्जात नावासाठी बऱ्याचदा शेजारी शेजारी दोन रकाने असतात. डावीकडे इंग्रजीत नाव टाइप करायचं, टॅब दाबायचा, की उजवीकडचा मराठी रकाना आपोआप भरतो. तोवर टाइप करणाऱ्याची नजर पुढच्या रकान्यावर गेलेली असते. के, ए, एल, ई ही चार अक्षरं दिली की यंत्रापुढे कले, काले, कळे आणि काळे असे चार पर्याय उभे राहतात, कारण रोमन 'ए' म्हणजे अ की आ हे तिथे लिहिलेलं नसतं आणि 'एल' म्हणजे ल की ळ हेही नसतं. दांडेकर या आडनावात द की ड हा प्रश्न दोनदा येतो आणि अ की आ हाही दोनदा. म्हणजे सोळा वाटा, त्यातली एक बरोबर. यंत्र त्यातली एक उचलतं आणि तीच जतन होते. मग सातबाऱ्यावर काळे आणि नव्या दाखल्यावर काले. वाचणाऱ्या माणसाला ही एकच व्यक्ती आहे हे कळतं. नावं जुळवणाऱ्या संगणकाला कळत नाही, आणि हेलपाटे त्या माणसाला पडतात.

दोष टाइप करणाऱ्याच्या माथी मारला जातो. त्याचं मूळ मात्र अर्जाच्या आखणीत आहे आणि ती बदलणं आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

माणसाने यंत्राशी कसं वागायचं याबद्दल संगणकाच्या जगात जुने मतभेद आहेत. ९ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकी संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत आपली यंत्रणा दाखवली तेव्हा उजव्या हाताखाली माउस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांची छोटी पट्टी. पाच बोटांच्या ३१ जुळण्यांतून अक्षरं उमटायची. ती शिकावी लागत होती आणि त्यांना त्यात काही गैर वाटत नव्हतं : तीनचाकी लगेच चालवता येते, पण लांब जायचं तर तोल सांभाळायला शिकून सायकलच घ्यावी, असं त्यांचं म्हणणं. १९८१ साली झेरॉक्सचा स्टार संगणक आला तो उलट विचार घेऊन : काहीही पाठ करायला लावू नका, जे करता येतं ते पडद्यावर दिसू द्या, माणूस बघून निवडेल. आता तिसरी वाट रुळली आहे. माणसाने अर्धवट सांगायचं आणि उरलेलं यंत्राने ओळखायचं.

मराठी टंकनात या तिन्ही वाटा आज एकाच वेळी वापरात आहेत, आणि त्यांच्या आधीची चौथीही अजून गेलेली नाही. ती चौथी म्हणजे टाइपरायटरची. तिच्यात डोळ्यांना दिसेल त्या क्रमाने कळा दाबायच्या. 'कि' लिहिताना आधी वेलांटी, मग क, कारण कागदावर वेलांटी डावीकडे असते. 'कर्म' लिहिताना क, म आणि शेवटी रफार. अर्धं अक्षर वेगळं, त्याला जोडायचा काना वेगळा. कागद हेच जिथे अंतिम ठिकाण होतं तिथे ही पद्धत चोख होती. ती तशीच संगणकावर आली तेव्हा फाँटने फक्त सोंग घेतलं. कृतिदेवसारख्या फाँटमध्ये 'मराठी' हा शब्द फाइलीत ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच या पाच रोमन अक्षरांच्या रूपात साठवलेला असतो. फाँट काढून घेतला की मराठी नाहीशी होते. शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही. त्या फाँटमधल्या फायली जिथे अजून पडून असतील तिथे त्या रूपांतर करूनच वापराव्या लागतील.

आता शिकून घ्यायची वाट, म्हणजे इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा कीबोर्डचा आराखडा. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये हा आराखडा प्रमाण केला, १९८८ मध्ये त्यात सुधारणा झाली आणि १९९१ च्या भारतीय मानकात तो आला. त्याच्याबद्दल 'अवघड' एवढंच ऐकलेलं असतं, म्हणून त्याची आखणी जरा जवळून बघावी अशी विनंती आहे. कीबोर्डच्या मधल्या ओळीवर बोटं ठेवा. डाव्या हाताखाली ो, े, ्, ि, ु. उजव्या हाताखाली प, र, क, त, च, ट. शिफ्ट दाबला की डावीकडे त्याच मात्रांचे स्वर येतात : ओ, ए, अ, इ, उ. उजवीकडे फ, ऱ, ख, थ, छ, ठ. आता बोट एक ओळ वर न्या. ऱ्हस्व वेलांटीच्या डोक्यावर दीर्घ वेलांटी आहे, पहिल्या उकाराच्या वर दुसरा उकार, एका मात्रेच्या वर दोन मात्रा. क च्या वर ग, त च्या वर द, प च्या वर ब, च च्या वर ज, ट च्या वर ड, आणि त्यांच्या शिफ्टवर घ, ध, भ, झ, ढ. शाळेत जी वर्गांची वर्णमाला घोकली तीच इथे बोटांखाली मांडली आहे. शिवाय गुजराती, कन्नड, तेलुगू, बंगाली या लिप्यांमध्येही क त्याच कळेवर असतो.

बोलण्याचा क्रम हाच लिहिण्याचा क्रम. 'कर्म' म्हणजे क, र, हलन्त (पाय मोडण्याची खूण), म. 'जिल्हा' हा शब्द घ्या : ज, ि, ल, ्, ह, ा. कळा पी, एफ, एन, डी, यू, ई. उजवा हात, डावा, उजवा, डावा, उजवा, डावा. सहा कळा, एकही पर्याय निवडायचा नाही, पडद्याकडे बघायचंही कारण नाही. रोमनमधून हाच शब्द पाच अक्षरांत होतो, पण मग पडद्यावर जिल्हा, जिला, झिला यांतला कोणता उमटला हे बघावं लागतं. वेळ खातं ते हे बघणं. एक कळ कमी दाबल्याने वाचतो तो वेळ या तपासणीत जातो.

इनस्क्रिप्टचे दोषही सांगायला हवेत. हा आराखडा सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकच आहे, त्यामुळे मराठीत पावलोपावली लागणारे ळ, ण आणि श शिफ्टवर गेले आहेत. 'आणि' लिहायला तीन कळांपैकी दोन शिफ्टसह. अर्धचंद्र आकड्यांच्या ओळीत शिफ्टसह २ वर आहे, म्हणजे 'बॅंक' लिहिताना बोट मूळ जागेवरून उठतं. व्यंजनं उजवीकडे म्हटली तरी म, न, व तळाच्या ओळीत डाव्या हाताकडे सरकतात. आणि सगळ्यांत मोठी अडचण अशी की बाजारातल्या बहुतेक कीबोर्डांवर मराठी अक्षरं छापलेलीच नसतात. जे दिसत नाही ते वर्षातून एकदा अर्ज भरणारा माणूस वापरू शकणार नाही. त्याच्याकडून तशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

त्या माणसासाठी स्टारच्या जातीची आखणी हवी : दिसेल ते निवडा. फोनवर याचं उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात झालं आहे. मुंबईच्या आयआयटीच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरने तयार केलेल्या स्वरचक्र या कीबोर्डात व्यंजनं वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली असतात. एखाद्या व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती चक्र उघडतं आणि त्यात का, कि, की, कु, कू अशी बाराखडी दिसते. बोट हव्या त्या दिशेला सरकवून उचललं की अक्षर उमटतं. हलन्त निवडला की जोडाक्षरं कशी दिसतील ते कळांवरच दिसतं. मराठी शाळेत दोन-चार इयत्ता शिकलेल्या कोणालाही हे पहिल्याच बैठकीत जमावं, कारण इथे लागणारं ज्ञान त्याच्याजवळ आधीपासून आहे. रोमनमधून मराठी लिहायला लावणारी पद्धत मात्र धरून चालते की इंग्रजी स्पेलिंगचा अंदाज सगळ्यांना असतोच. ज्याला तो नाही त्याला स्वतःचं नाव मराठीत लिहिण्यासाठी आधी इंग्रजीतून जावं लागतं.

रोमन पद्धत सरसकट वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. मित्राला निरोप लिहायला, शोध घ्यायला, पाच ओळींची तक्रार लिहायला ती चांगली चालते. ओळीतल्या बाकीच्या शब्दांवरून यंत्राला संदर्भ मिळतो, आणि चूक झाली तरी वाचणारा समजून घेतो. नाव, गाव, गल्ली, गट, वारस या रकान्यांत संदर्भ नसतो आणि समजून घेणाराही नसतो. बोलून लिहिण्याच्या सोयीचंही तेच. परिच्छेदाला ती उपयोगी आहे, पण साठे की साथे, काणे की काने हे गजबजलेल्या केंद्रात माइकवरून पक्कं होत नाही.

म्हणून पहिली मागणी क्रम उलटवण्याची. आधी मराठी रकाना, मग इंग्रजी. काळे आणि काले दोन्ही रोमनमध्ये एकसारखेच उतरतात. देवनागरीतून रोमनकडे जाताना माहिती गळते, पण त्यासाठी अंदाज बांधावा लागत नाही. रोमनकडून देवनागरीकडे येताना नसलेली माहिती कल्पनेने भरावी लागते. उतारावरून पाणी सोडा, चढावर चढवू नका. मराठीवरून तयार झालेलं इंग्रजी स्पेलिंगही फक्त सुचवा. पासपोर्टवर किंवा शाळेच्या दाखल्यावर लोकांचं स्पेलिंग वेगळं असतं, ते त्यांना बदलू द्या. आणि काही कारणाने रोमनवरूनच सुरुवात करावी लागली, तर मराठी रकाना रिकामा ठेवून खाली तीन-चार पर्याय दाखवा. बोटाने निवडल्याशिवाय काहीही जतन होऊ नये. आपोआप भरलेला रकाना माणूस तपासत नाही. रिकामा रकाना मात्र त्याला थांबवतो.

दुसरी गोष्ट प्रोग्रामरांसाठी. अर्जाच्या पानात स्वतःचा लिप्यंतराचा कोड बसवू नका. असा कोड दाबलेल्या कळेचा क्रमांक वाचून अक्षर बदलतो. अँड्रॉइड फोनवर मराठी कीबोर्ड चालू असताना ब्राउझरला बहुतेक कळांसाठी एकच क्रमांक मिळतो, २२९. कोडला काही कळत नाही आणि रकान्यात अक्षरं दुहेरी उमटतात किंवा काहीच उमटत नाही. ज्याने संगणकावर इनस्क्रिप्ट आधीच चालू ठेवलं आहे त्याच्या बाबतीत दोन यंत्रणा एकमेकींशी भांडतात. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आहे, विंडोज १० पासून मराठी फोनेटिकही (रोमन अक्षरांतून उच्चाराप्रमाणे लिहिण्याचा कीबोर्ड) आहे, विंडोज कळ आणि स्पेसबार दाबून दोन्हींत अदलाबदल करता येते. फोनच्या कीबोर्डांत मराठीचे तीन-चार प्रकार मिळतात. माणसाने आपल्या सवयीचं साधन निवडावं, अर्जाने फक्त आलेली अक्षरं घ्यावीत. नावाच्या रकान्यात पेस्ट करायला बंदी असते तीही काढा. लोक दुसरीकडे नीट लिहून, कोणाला दाखवून, मग आणून चिकटवतात.

तिसरी गोष्ट मोजणीची. ज्ञानेश्वर या नावात वाचणाऱ्याला चार अक्षरं दिसतात : ज्ञा, ने, श्व, र. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकाच्या, हिशोबाने ती दहा चिन्हं आहेत : ज, ्, ञ, ा, न, े, श, ्, व, र. यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे तीस. रकान्याची मर्यादा इंग्रजी नावं डोळ्यांपुढे ठेवून ठरवली आणि डेटाबेस बाइट मोजत असेल, तर पन्नास बाइटांत हे नाव मावेल, पण वडिलांचं नाव अर्ध्यावर तुटेल, तेही कदाचित हलन्तावर. एसएमएसचंही तसंच. रोमनमध्ये एका संदेशात १६० अक्षरं जातात, मराठीत ७० चिन्हं, आणि संदेश जोडून पाठवला तर प्रत्येक तुकड्यात ६७. अर्जाची पोच मराठीत पाठवायची तर मजकूर या मापाने बेता. इंग्रजी मजकुराचं भाषांतर करून तो त्यात कोंबू नका.

चौथी गोष्ट सर्वांत कमी दिसते आणि सर्वांत जास्त नडते. कऱ्हाड हे नाव दोन प्रकारे टाइप होतं. एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह, मग हलन्त, मग ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त, त्यापुढे न दिसणारा 'झिरो विड्थ जॉइनर', मग ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. पहिल्यात सहा चिन्हं, दुसऱ्यात सात. एक लिहून दुसरं शोधलं तर सापडत नाही, आणि युनिकोडचे ठरलेले एकरूपतेचे नियम लावूनही हे दोन एक होत नाहीत. तुम्हाला तो नियम वेगळा लिहावा लागेल. 'ॲ'चंही असंच. मराठीसाठी युनिकोडमध्ये ०९७२ हे स्वतंत्र चिन्ह २००८ साली आलं, पण जुने कीबोर्ड अ वर अर्धचंद्र चढवतात आणि काही जण हिंदीच्या सोयीने ऍ लिहितात. त्यामुळे ॲडव्होकेट हा शब्द तीन रूपांत साठतो. साठवण्याआधी तिन्हींचं एक करा. 'फक्त मराठी अक्षरे चालतील' अशी चाळणी लावताना न दिसणारे जॉइनर बाहेर फेकू नका, नाहीतर योग्य लिहिणाऱ्यालाच लाल अक्षरांत चूक दाखवली जाईल. रकमेच्या आणि फोन नंबरच्या रकान्यात मराठी १२३ आणि इंग्रजी 123 दोन्ही घ्या, आत एकाच रूपात बदलून ठेवा. शोध घेताना ल-ळ, न-ण, ऱ्हस्व-दीर्घ यांबाबत सैल राहा. साठवताना मात्र एका वेलांटीचाही फरक करू नका.

सेवा केंद्रांत दिवसभर इतरांचे अर्ज भरणाऱ्यांचा विचार स्वतंत्रपणे व्हायला हवा. त्यांच्यासाठी आणि कार्यालयातल्या टंकलेखकांसाठी एंगलबार्ट यांचीच वाट योग्य आहे. लिपिक-टंकलेखकाकडून मराठीत मिनिटाला ३० शब्दांची अपेक्षा असते. हा वेग पर्याय निवडत बसून टिकत नाही, नजर कागदावर ठेवूनच टिकतो. प्रशिक्षणाचा क्रम आम्ही असा सुचवतो. पहिले तीन दिवस फक्त मधली ओळ, त्यात वरचे ा आणि ी मिळवून : तारा, काका, टीका, पाटी, तिचे, रीत. पुढचे चार दिवस वरची ओळ, आणि क-ग, त-द, प-ब या जोड्या एकाखाली एक लिहून. दुसऱ्या आठवड्यात शिफ्ट, विशेषतः ळ, ण, श. तिसऱ्यात हलन्त आणि जोडाक्षरं : आधी जिल्हा, तालुक्यात, पत्र्याची, मग वाङ्मय, उद्ध्वस्त. रोज अर्धा तास पुरतो. अडतं ते तिसऱ्या आठवड्यात, कारण टाइपरायटरची सवय असलेली बोटं वेलांटी आधी मारतात आणि रफार शेवटी. त्यांना 'मोठ्याने म्हणा आणि म्हणाल त्या क्रमाने दाबा' एवढं एकच सूत्र द्यावं. कळांवर चिकटवायच्या मराठी अक्षरांच्या पट्ट्या पहिल्या दोन आठवड्यांपुरत्याच ठेवा, नंतर काढा. त्या राहिल्या तर नजर खालीच राहते.

नागरिकांनी स्वतः वापरायच्या स्पर्शपडद्यांवर मात्र इनस्क्रिप्टचं चित्र लावू नका. तिथे दोन हातांनी टाइप करणारं कोणी नसतं, एक बोट असतं. तिथे वर्णमालेच्या क्रमाची पाटी आणि अक्षरावर बोट ठेवल्यावर उघडणारी बाराखडी द्या. कळ फार लहान नको. साठीतल्या माणसाचा अंगठा तिच्यावर नेमका पडला पाहिजे.

आणखी एक, पटकन. पानाच्या कोडमध्ये भाषेची खूण मराठीची म्हणजे 'एमआर' लावा. ती नसली किंवा हिंदीची असली तर चांगले फाँटसुद्धा ल आणि श हिंदी वळणाचे दाखवतात. एका ओळीचं काम आहे.

नवीन अर्ज खुला करण्यापूर्वी पुढचे शब्द त्याच्या नावाच्या रकान्यात टाइप करून, जतन करून, शोधून, छापून आणि एसएमएसने पाठवून बघावेत. प्रत्येक शब्द एकदा संगणकाच्या इनस्क्रिप्टवरून, एकदा फोनच्या कीबोर्डवरून आणि एकदा पेस्ट करून : काळे, दांडेकर, काणे, साठे, ज्ञानेश्वर, कऱ्हाड, वऱ्हाडे, ॲड., श्रीकृष्ण, दुःखी, वाङ्मय, ऋतुजा. जो शब्द तिन्ही वेळा सारखाच परत येत नाही, त्याच्यासाठी आधी दुरुस्ती व्हावी आणि मगच अर्ज लोकांपुढे यावा. ही चाचणी करून बघायला बसताना आमच्यापैकी कोणालाही बोलवा, आम्ही येऊ.

आपले,
मराठी टंकन शिकवणारे आणि अर्जांचे पडदे आखणारे काही जण